आपोआप येणारं तेल

३ मार्च, सकाळी ९.१०
सासऱ्यांची चेन-सॉ आजपासून माझ्या ताब्यात. वय पन्नासच्या आसपास, वजन दहा किलो, रंग कधीकाळी लाल. इंजिन चालू होतं, साखळी फिरते, पण साखळीला तेल येत नाही. तेल नाही तर साखळी तापते, धूर काढते आणि लाकडात अडकून बसते. म्हणजे रोग ऑइलरचा. ऑइलर म्हणजे काय, तर पंप. आणि पंपाबद्दल मला कोणी शिकवू नये. पाणीपुरवठा खात्याच्या पंप विभागात चौतीस वर्षं काढली आहेत. आवक-जावकच्या टेबलावर होतो, हे खरं. पण पंपाचा एकही कागद माझ्या शिक्क्याशिवाय पुढे सरकला नाही, आणि एकही गहाळ झाला नाही. इंजिनिअर काय, येत होते आणि जात होते.
अंदाजे कालावधी: दोन दिवस. फार तर अडीच.

३ मार्च, संध्याकाळी
पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो, म्हणजे प्रकरण व्यवस्थित राहील.
सासरे गेल्या वर्षी गेले. लाकडाच्या वखारीत त्यांनी जन्मभर हीच मशीन चालवली. आमच्या मागच्या अंगणातलं झाडही त्यांनीच लावलेलं, घराचा पाया भरला त्या दिवशी. आता ते झाड वाळून खडखडीत झालंय आणि हिच्या शिवणाच्या खोलीच्या पत्र्यावर कललंय. पाडायला हवंच. हिचं म्हणणं, बाबांचं झाड बाबांच्याच मशीनने पडावं आणि मशीन आपल्या घरी राहावी. मेहुण्याचं म्हणणं, मशीन मेलेली आहे, तिला सोनेरी रंग मारून त्याच्या गेस्ट हाउसच्या काउंटरमागे टांगू, गिऱ्हाइकं फोटो काढतील. ही म्हणाली, ते काय हरणाचं शिंग आहे का भिंतीला टांगायला? भावा-बहिणीचं फोनवर तासभर चाललं. शेवटी ठरलं: मेहुणा तीस तारखेला येणार. मशीनने झाड कापलं तर मशीन इथे. नाही तर तो घेऊन जाणार.
फोन ठेवल्यावर हिने डोळे पुसले. मी म्हटलं, मी बसलोय ना. त्यावर तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. विश्वास, दुसरं काय.
मग आठवणी निघाल्या. लहानपणी ती वखारीत डबा घेऊन जायची, ओंडक्यावर बसून बघत राहायची. बाबा कापताना उजव्या अंगठ्याने सारखं काहीतरी दाबायचे म्हणे. असंबद्ध. या शब्दाखाली मुद्दाम रेघ मारून ठेवतो. माणूस भावनेच्या भरात काहीही सांगतो, आपण मुद्द्याला धरून राहावं.

४ मार्च
अभ्यासाचा दिवस. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हीत दाढीवाले, तिघांच्याही मशीन म्हणजे प्लास्टिकची खेळणी. बोलणं मात्र असं की जणू चेन-सॉ यांच्या आजोबांनी शोधून काढली. तरी एक गोष्ट तिघंही सांगतात: साखळी फिरली की आत पंप फिरतो आणि तेल आपोआप येतं. आपोआप! हे सूत्र लक्षात ठेवायचं.
दुपारी हत्यारं काढली. दहा नंबरचा पान्हा नाही. दहा नंबरचा पान्हा कुणाच्याच घरात नसतो, फक्त त्याची रिकामी जागा असते.
काम सुरू करता आलं नाही. दोष माझा नाही.

५ मार्च, सकाळी ११
तेलाची टाकी उघडली. आत डांबर. सासऱ्यांबद्दल आदर आहे, पण देखभाल शून्य. रॉकेलने तीनदा धुतली. धुतलेलं काळं पाणी भिंतीच्या कडेला ओतलं तेवढ्यात भिंतीवर डोकं उगवलं. शेजारी. रिटायर झाल्यापासून हा माणूस भिंतीवरच राहतो, धड मी अजून पाहिलेलं नाही. म्हणाला, झाडाचं काय झालं, वारा सुटला तर माझी भिंत जाईल. मी म्हटलं, वैज्ञानिक पद्धतीने काम चालू आहे. म्हणाला, बरं, पण माझ्या मोगऱ्यावर ओतू नका.
मागच्या मुठीपाशी एक पितळी बटण आढळलं. अंगठ्याएवढं. मधोमध झिजून खड्डा पडलेला, यावरून मालाचा दर्जा कळतो. दाबून पाहिलं. काही नाही. ना दिवा, ना आवाज. टाकी रिकामीच होती म्हणा, पण तिचा याच्याशी काय संबंध? शोभेचं असावं. त्या काळच्या लोकांना पितळेची हौस.

७ मार्च
तेल भरलं. पुठ्ठ्याची चाचणी केली: मशीन चालू करून, साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरायचं, तेल येत असेल तर पुठ्ठ्यावर बारीक रेघ उमटते. अर्धं अंगण धुराने भरलं. पुठ्ठा कोराच.
कारण लगेच लक्षात आलं. दुकानदाराने पातळ तेल दिलं आहे. चेहऱ्यावरूनच तो मला तसा वाटला होता.

९ मार्च
जाड तेल आणलं. पुठ्ठा कोरा.
जाड असल्यामुळे येत नसेल. उद्या मधलं आणतो.

१० मार्च
मधलं तेल. कोरा.
दुकानदाराने विचारलं, काका, तुम्ही हे तेल पिता का? त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. गावात दुसरं दुकान नाही ही त्याची मिजास.

११ मार्च, दुपारी ४
नवा विचार: पट्टीच्या मुळाशी तेल बाहेर येण्याचं बारीक भोक आहे, ते तुंबलेलं असणार. हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. अगदी नेमकं बसणारं हत्यार. इंजिनिअर लोकांना हे सुचलं नसतं, त्यांनी टेंडर काढलं असतं.
४.२०. सुई आत मोडली.
४.४५. दुसऱ्या सुईने पहिली सुई काढली. दुसरी वाकली. तिसरीही घेतली होती, ती कशासाठी ते आता आठवत नाही.
ही विचारत होती, माझ्या सुया कोणी पाहिल्या का? मी म्हटलं, घरात वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त नाही. गप्प बसली. पटलं असावं.

१३ मार्च
भोक स्वच्छ, पुठ्ठा कोरा. म्हणजे टाकीतली नळी. जुनी नळी बाहेर काढताच बिस्किटासारखी तुटली. शेजाऱ्याकडे माशांची टाकी आहे, त्याच्याकडून हवेची नळी मागून आणली. त्याने दिली, पण वर विचारलं की मासे तुम्हीही पाळणार का? याला उत्तर देणं मी माझ्या पायरीला शोभणारं समजत नाही.
नळी मोकळी आहे का बघायला दुसरं टोक तोंडात धरून ओढून पाहिलं. मोकळी आहे. तेलाची चव कडवट असून वास जेवणभर टिकतो.

१४ मार्च
पोट.

१५ मार्च, सकाळी
ही म्हणाली, बाजारातल्या मेकॅनिकला एकदा दाखवू या का? गवत कापायच्या मशीन दुरुस्त करतो तो. कुठलीही वस्तू नेली की डोकं खाजवत म्हणतो, बघू उद्या. त्याला गावात बघूउद्याच म्हणतात. मला अशा माणसाची गरज नाही. पण हिचं मन मोडायचं नाही म्हणून फोटो दाखवायला गेलो. सल्ला मागायला नव्हे.
फोटो पाहून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, अरे वा, जुना माल! आणि मग उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर-खाली करायला लागला, काहीतरी सांगू बघत होता. मी समजलो, शाबासकी देतोय. मीही अंगठा दाखवला. तो हसला, पुन्हा अंगठा हलवला. मी पुन्हा दाखवला. असं तीनदा झालं. मग मीच त्याला ऑइलर म्हणजे काय, पंप म्हणजे काय, आपोआप म्हणजे काय, हे सविस्तर समजावून सांगितलं. शेवटी त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, मशीन घेऊन या, बघू उद्या.
वेळ वाया. पण दाद मिळाली.

१७ मार्च, सकाळी १०
आज पंपालाच हात घालायचा. पंप क्लचच्या मागे असतो, दाढीवाला क्रमांक दोन सांगतो. क्लच फिरवला. हलत नाही. पान्ह्याला लोखंडी पाइप लावला. हलत नाही. पाइपवर उभा राहिलो.
१०.४०. नडगी.
१२. उजव्या पायाला पट्टी बांधून ही म्हणाली, बाबा तो भाग सोडवताना उलटा फिरवायचे. आटे उलटे असतात त्याचे. मी म्हटलं, आटे उलटे असायला ते काय पिठाचं मळणं आहे का? यंत्राला नियम असतात.
४. उलटे आहेत. हे मला आधीच जाणवत होतं.

१८ मार्च
क्लच निघाला. मागे पंप नाही. गिअर नाही. काहीच नाही, नुसती भिंत. टॉर्च लावून पाहिलं, आरसा लावून पाहिलं, बोट घालून पाहिलं. जिथे पंप असायला हवा तिथे पंप नाही, याचा अर्थ एकच: पंप कोणीतरी काढून नेला आहे.
सासरे गेल्यापासून मशीन मेहुण्याच्या गोडाउनमध्ये होती. अधिक लिहीत नाही.

१८ मार्च, संध्याकाळी
अधिक लिहितो. मेहुण्याला मेसेज केला. मसुदा खात्यातल्यासारखाच ठेवला: विषय, संदर्भ, आणि सदर पंप आपल्या ताब्यात असताना कसा गहाळ झाला याचा खुलासा तीन दिवसांत करावा. त्याने हसून डोळ्यांत पाणी आलेली सहा तोंडं पाठवली. पाठोपाठ काउंटरमागच्या भिंतीचा फोटो. पेन्सिलने चौकोन आखून ठेवलाय, मापं लिहिलीत, दोन छिद्रंसुद्धा पाडून तयार.
हा माणूस आयुष्यभर फक्त चावीने दारं उघडत आला आणि याला भिंतीत छिद्रं पाडायची घाई. हिला फोटो दाखवला. फोन माझ्या हातात परत देताना ती म्हणाली, तुम्हाला जमेल ना हो? मी म्हटलं, हा प्रश्नच अपमानास्पद आहे.

२० मार्च
मशीन परत जोडली. एक वॉशर, दोन स्क्रू आणि एक वाकडी तार उरली. मूळ रचनेत अनावश्यक भाग बरेच होते. डब्यात घालून ठेवले.
चालू होते. म्हणजे माझंच बरोबर.

२२ मार्च, सकाळी ८
मोठी घडामोड! काल मशीन टेबलावर आडवी ठेवली होती, मुठीखाली जुनी वही सरकवून. सकाळी बघतो तर पट्टीच्या मुळाशी तेलाचं थारोळं. तीन आठवडे फिरवून फिरवून एक थेंब दिला नाही आणि आता बंद असताना थुंकते. उलट्या काळजाची मशीन आहे.
८.३०. शोध लागला. वहीचा कोपरा त्या पितळी बटणावर टेकला होता. मशीन बंद ठेवून बटण हाताने दाबलं. भोकातून तेल आलं! सोडलं, थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. सात वेळा प्रयोग केला, सातही वेळा आलं.
म्हणजे गळती इथे आहे. जे तेल आपोआप यायला हवं, त्याचा सगळा दाब या झिजक्या बटणातून वाया जातो. दाढीवाले, बघूउद्या, सासरे, कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आलं. पंप चोरीला गेलेला नाही, मेहुण्याला संशयाचा फायदा देतो. माफी मागणार नाही.

२३ मार्च, दुपारी
ही शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. घर शांत. निर्णय घेतला.
बटण काढलं. आत स्प्रिंग होती, तीही काढली. दोन्ही कचऱ्याच्या डब्यात. छिद्रात एपॉक्सीची पुट्टी गच्च भरली, वरून अंगठ्यानेच सपाट केली. पंचवीस मिनिटांत दगड. चौतीस वर्षं खात्यात गळती हा शब्द रोज वाचला, आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एक बंद केली. मन भरून आलं.

२४ मार्च
हिने मशीन पाहिली. पुट्टीवरून बोट फिरवलं. एवढंच विचारलं, ते बटण कुठाय? मी म्हटलं, कचऱ्यात, जिथे असायला हवं तिथे. तिने तोंड उघडलं तेव्हा मी हात वर केला आणि सांगितलं, तीस तारखेपर्यंत या विषयावर घरात कोणी बोलायचं नाही, माझी एकाग्रता जाते.
बोलली नाही. कचरा मात्र आज तिनेच बाहेर नेला, आणि बराच वेळ लावला.

२५ मार्च
अजून बोलत नाही. एवढा आदर बरा नव्हे, पण ठीक आहे.

२६ मार्च
चाचणी. मशीन दहा सेकंद चालवली, नंतर तासभर टेबलावर ठेवली. गळती: शून्य थेंब. शंभर टक्के यश.
पुठ्ठ्याची चाचणी घेतली नाही. तीच तीच चाचणी घेऊन यंत्राचा अपमान करू नये.
मशीन मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात. आता तीस तारखेपर्यंत तिला विश्रांती. ही दाराशी येऊन उभी राहिली होती, मी म्हटलं, हात लावायला बंदी आहे. आत जाऊन तिने भांडी घासली. आवाजावरून वाटलं की भांडी फार खराब झाली असावीत.

२८ मार्च
भाषणाचा मसुदा केला. सुरुवात: उपस्थितहो. उपस्थित म्हणजे मेहुणा, ही आणि भिंतीवरचं डोकं. तरी सुरुवात नीट असावी.

२९ मार्च
ही दोरा आणायला बाजारात गेली. दोन तासांनी आली, दोरा न आणता. मी म्हटलं, दोन तास गेले आणि दोरा नाही? म्हणाली, मिळालं जे हवं होतं ते. बायकांच्या खरेदीला कारण नसतं.
उद्या मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

३० मार्च, सकाळी ९
मेहुणा आला. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत हूक आणि सोनेरी रंगाचे दोन स्प्रे. त्याला पाणी दिलं. भिंतीवर डोकं वेळेआधी हजर. वारा थोडा आहे. भाषण खिशात.

३० मार्च, ९.४०
भाषण झालं. दुसऱ्या ओढीत इंजिन सुरू!

३० मार्च, १०.१५
अडकली.

३० मार्च, दुपारी २
जे झालं ते क्रमाने लिहितो. पेन नीट चालत नाहीये.
पहिलं इंचभर छान कापलं. लाकडाचे तुकडे उडाले, मी मेहुण्याकडे बघून घेतलं. दुसऱ्या इंचाला तुकड्यांऐवजी नुसती पूड यायला लागली. मग वास. मग धूर. डोकं भिंतीवरून म्हणालं, पाणी आणू का? मी म्हटलं, आता तेल येईल, आपोआप येतं. पट्टी निळी पडली, साखळी किंचाळली आणि खोडात गच्च बसली. इंजिन बंद. अर्धवट कापलेलं झाड करकरलं, आणि वाऱ्याबरोबर शिवणाच्या खोलीकडे बोटभर आणखी झुकलं. आत हिची मशीन आहे, गिऱ्हाइकांचे कपडे आहेत. ही ओरडली, मागे व्हा सगळे. एवढ्या मोठ्याने ती ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं.
मेहुण्याने पिशवीतून हूक काढले. हसला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला नाही. म्हणाला, ताई, राहू दे आता, बघ तरी तिची अवस्था.
तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. बघूउद्या. आयुष्यात पहिल्यांदा तो आज आला. दोर, लाकडी पाचर, जुन्या बनावटीची साखळी, सगळं घेऊन. कालच्या दोन तासांचा दोरा हाच.
हिने मेहुण्याला सांगितलं, थांब. आत गेली आणि शिवणाच्या मशीनच्या खणातून फडक्याची पुरचुंडी आणली. उघडली. बटण आणि स्प्रिंग. पुसून लख्ख केलेली.
त्याने आधी झाडाला दोर बांधून तो फाटकाच्या खांबाला ताणला. पाचर ठोकून मशीन सोडवली, जळलेली साखळी काढून आणलेली घातली. मग तापवलेल्या पेचकसाने माझी पुट्टी उकरली. उकरताना एकदा म्हणाला, काम मात्र पक्कं केलंय हो कुणीतरी. हिने स्प्रिंग बसवली, वर बटण बसवलं, आणि त्या खड्ड्यात अंगठा ठेवून दाबलं. भोकातून तेल आलं. या मशीनला आपोआप तेल देणारा पंप नाही, कधीच नव्हता. कापणाऱ्याने अंगठ्याने द्यायचं असतं. तोच ऑइलर. वीस मिनिटांचं काम.
मी म्हटलं, जड आहे, मी धरतो. ती म्हणाली, तुम्ही भिंतीपाशी उभे राहा. मी भिंतीपाशी उभा राहिलो. बाजूचं डोकं म्हणालं, या.
तिने पदर खोचला, मान थोडी डावीकडे कलती केली आणि कापायला लागली. ओठ हलत होते. आधी वाटलं काही म्हणतेय, पण ती मोजत होती. एक, दोन, तीन, चार, अंगठा. एक, दोन, तीन, चार, अंगठा. धूर नाही, पूड नाही, नुसते पांढरे तुकडे. मेहुणा आणि बघूउद्या दोरावर. झाड रिकाम्या बाजूला पडलं, पत्र्याला फांदीसुद्धा लागली नाही.
मेहुणा खाली बसला. म्हणाला, बाबांची मान अशीच असायची. मग तोंड फिरवून रडला. जाताना हूक, ड्रिल, स्प्रे, सगळं परत पिशवीत भरून घेऊन गेला.

३० मार्च, संध्याकाळी ७
निष्कर्ष: बटण मुळात मीच शोधून काढलं होतं. सात वेळा तेल आणून दाखवलं होतं. एका दृष्टीने ऑइलर बावीस तारखेलाच दुरुस्त झाला होता, हे नोंदवून ठेवतो.
शिवाय उत्पादकाने लिहायला हवं होतं.
आणि एवढं माहीत होतं तर घरातल्या माणसांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला नको?

३१ मार्च, सकाळी ८
चहाच्या वेळी हेच तिला म्हटलं. ती म्हणाली, सांगितलं होतं की, पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, शक्य नाही. सांगितलं असतं तर माझ्या नोंदीत असतं. चौतीस वर्षांत माझ्याकडून एक कागद गहाळ झालेला नाही. ती म्हणाली, बघा मग.
सिद्ध करायला रोजनिशी आणली. तिच्यासमोर तीन मार्चचं पान उघडलं.
आहे. माझ्याच अक्षरात आहे. बाबा कापताना उजव्या अंगठ्याने सारखं काहीतरी दाबायचे म्हणे. पुढे एक शब्द, त्याखाली रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ.
तिने वाकून वाचलं. वाटलं, आता हसेल. नाही हसली. कप उचलून आत घेऊन गेली. कप उचलताना दिसलं, तिच्या उजव्या अंगठ्याला टचटचीत फोड आलाय. सासऱ्यांच्या अंगठ्याला नेमका तिथेच घट्टा होता. एकतीस वर्षं मी त्यांच्यासमोर जेवायला बसलो, तो घट्टा दर वेळी पाहिला, आणि हा कशाने पडला हे एकदाही विचारलं नाही. मला लाज वाटते आहे. लिहिलं आहे, आता खोडणार नाही.
तीन मार्चच्या पानावर समासात शेरा मारला: आवक झाली. कार्यवाही नाही. जबाबदार, मी.
उरलेल्या खोडाचे तुकडे ती रविवारी करणार आहे. टाकीत तेल भरायचं काम माझ्याकडे दिलंय. कोणतं तेल, हे मी तिला विचारून घेतलं.